ठाण्यातल्या आमच्या बाप्टिस्ट मंडळीचा इतिहास कुठून सुरू करू? (जुने कागद, आठवणी, भांडणं सगळं चालेल)

कोपरीकर

लोकहो, एक काम गळ्यात पडलंय. आमची बाप्टिस्ट मंडळी (म्हणजे आमचं चर्च) वागळे इस्टेटच्या बाजूला भरते, तिची स्मरणिका काढायचं ठरलंय आणि इतिहासाचं प्रकरण कोण लिहिणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, का तर मी "ऑनलाइन काहीतरी लिहीत असतो". पाळकसाहेबांनी (आमचे पास्टर) एक लोखंडी पेटी हातात दिली. आत सभासदांची दोन रजिस्टरं, मिटिंगांची मिनिट्स आणि रबरबँड लावलेला बदलीपत्रांचा (दुसऱ्या गावी जाणाऱ्या सभासदाला त्याची मंडळी देते ते पत्र) गठ्ठा. रबरबँडला हात लावला तसा त्याचा चुरा झाला.

आधीच सांगतो, तलावपाळीचं ते मोठं चर्च म्हणजे आम्ही नव्हे. ठाण्यात बाप्टिस्ट चर्च विचारलं की रिक्षावाला हमखास तिथेच सोडतो. ते सेंट जॉन द बाप्टिस्ट, कॅथलिक, पोर्तुगीज काळातलं. आम्ही प्रोटेस्टंट, त्यातही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा न देणारे. माणूस कळता झाला, त्याने आपल्या तोंडाने विश्वास कबूल केला, की मग पाण्यात पूर्ण बुडवून. वर बिशप नाही. प्रत्येक मंडळी आपली आपण मुखत्यार, पाळक कोण हे पण मंडळीच मत देऊन ठरवते, त्यामुळे आमच्या मिटिंगा किती लांबतात ते विचारू नका.

तर अडचण अशी की कमिटीला वाटतं सुरुवात विल्यम केरी या इंग्रज बाप्टिस्ट मिशनऱ्यापासून करावी. छान भारदस्त दिसतं ना. १७९३ ला बंगालमध्ये आला, १८०० पासून सेरामपूरला (काही मराठी पुस्तकांत श्रीरामपूर लिहितात, ते नगरवालं नव्हे), १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं, १८१० ला मराठी-इंग्रजी कोश, १८११ ला मराठी नवा करार, आणि त्याला मदत करणारे वैजनाथ पंडित. सगळं खरंय, मराठी छपाईवर त्याचे उपकार आहेतच. पण केरी मुंबई इलाख्यात कधी आलाच नाही आणि त्याच्या मिशनने ठाण्यात आमच्यासाठी एक वीट रचलेली नाही. मग आमच्या पहिल्या पानावर त्याचा फोटो कशाला? आमच्या पेटीतलं सगळ्यात जुनं पत्र नलगोंड्याचं आहे, ते पण तेलुगूत!

माझं म्हणणं असं की ठाण्यात बाप्टिस्ट मिशनने आणलेच नाहीत, ते नोकरीने आणले. एमआयडीसी १९६२ ला निघाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. माणसं कामाला आली, येताना गावच्या मंडळीचं पत्र खिशात घालून आली. तिथून सुरुवात करावी असं मला वाटतं. तुम्ही सांगा.

नगरी_बोरू

धागा मस्त. वाखू (वाचनखूण) साठवली.

केरीला पहिल्या पानावरून काढा पण एकदम हाकलू नका, कारण आपल्याकडे बाप्टिस्ट का नाहीत याची गोष्ट त्याच्याच दारातून जाते. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सेलम गावी पाच जणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली, हॉल, नॉट, न्यूएल, जडसन आणि राइस. पाचही काँग्रिगेशनल, म्हणजे बाळांना बाप्तिस्मा देणारे. निघाले दोन वेगळ्या जहाजांतून. कलकत्त्यात केरी भेटणार, तो आपल्याशी बाप्तिस्म्यावर वाद घालणार, म्हणून जडसन जहाजावर नवा करार घेऊन बसला तयारीला, आणि वाचता वाचता त्यालाच बाप्टिस्टांचं पटलं! कलकत्त्यात उतरल्यावर त्याने आणि बायकोने केरीचा सेरामपूरचा सहकारी वॉर्ड याच्याकडून बाप्तिस्मा घेतला, मागून राइसने पण. कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते, त्यांनी सगळ्यांना चालते व्हा म्हणून हुकूम काढला. जडसन गेला रंगूनला. राइस अमेरिकेला परत गेला पैसे उभे करायला. आणि जे काँग्रिगेशनल राहिले ते हॉल आणि नॉट सटकून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले, मागून न्यूएल आला. तेच आमचं अमेरिकन मराठी मिशन, पुढे १८३१ पासून अहमदनगर.

म्हणजे बघा, एकाच बॅचचे. बाप्टिस्ट झाले ते ब्रह्मदेशात, नाही झाले ते मराठी मुलखात. हॉलला पण जहाजावर तेच वाचायची बुद्धी झाली असती तर आज नगरला सगळे तुमच्यासारखे हौदात उतरले असते :)

आणि ठाण्याचं म्हणाल तर या अमेरिकनांचं स्टेशन ठाण्यात होतं. जॉन निकोल्स नावाचे मिशनरी १८१८ ला आले, ते ठाण्यात राहिले, १८२४ च्या शेवटी वारले. हे पण बाप्टिस्ट नव्हेत. सेंट जेम्स चर्च अँग्लिकन, ते १८२५ चं. नंतर मिशनांनी आपसात इलाखे वाटून घेतले, एकाच्या शेतात दुसऱ्याने नांगर घालायचा नाही असा अलिखित करार. त्यामुळे बाप्टिस्टांना इथे यायला फटच राहिली नाही.

अंबानगरी

अख्ख्या महाराष्ट्रात बाप्टिस्ट मिशन नव्हतं असं कोणी म्हणेल म्हणून आधीच येऊन टपकलो. आमच्या वऱ्हाडात होतं ना भाऊ. अमरावती, मेळघाट त्या पट्ट्यात आधी कोरकू मिशन होतं, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी अमेरिकेच्या कन्झर्व्हेटिव्ह बाप्टिस्ट मिशनने ते काम हातात घेतलं. मी तिकडचाच, सध्या घणसोलीत. इकडे पहिल्यांदा उपासनेला गेलो तर बाजूच्या काकूंनी विचारलं तुम्ही तेलुगू का मल्याळी. म्हटलं काकू, वऱ्हाडी. त्यांना पटेचना.

कोपरीकर

@नगरी_बोरू दंडवत घ्या. हे जडसनचं आमच्या कमिटीत कोणाला माहीत नव्हतं, मला पण राइस वगैरे नव्हते माहीत. @अंबानगरी मी ठाण्याबद्दलच बोलत होतो, पण तुमचं येणं बरं झालं, आमच्या रजिस्टरात परतवाड्याहून आलेलं एक कुटुंब आहे आणि ते इकडे बाप्टिस्टच शोधत का आले याचा उलगडा आता झाला.

तलावपाळी

रिक्षावाल्यांचं अगदी खरं आहे. मी त्याच पॅरिशचा, आमच्याकडे दर नाताळला कोणीतरी "बाप्टिस्टांची उपासना किती वाजता" विचारतंच.

अवांतर: ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासावर लिहिताय तर एक ओळ १३२१ ची पण टाका. तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याच्यासोबतचे तिघं असे चार फ्रान्सिस्कन साधू तेव्हा ठाण्यात मारले गेले, जॉर्डनस नावाच्या त्यांच्या सोबत्याने ते लिहून ठेवलंय. पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी! ठाणं म्हटलं की सगळे १८५३ च्या रेल्वेपासून सुरू करतात.

कोपरीकर

टाकली असती हो, पण मग केरीने काय पाप केलं होतं? आमची मंडळी शंभर वर्षांची पण नाही, तिला चौदाव्या शतकाचा अंगरखा फार सैल होईल.

नेरूळची_सून

हा धागा मला नवऱ्याने पाठवला, मी इथे नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. माझं माहेर मराठी, संगमनेरकडचं, सासर तेलुगू बाप्टिस्ट. नलगोंड्याचं पत्र वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्या सासरी केरीचं नाव कोणी घेत नाही. तिकडे गोष्ट सुरू होते नेल्लोरपासून. सॅम्युअल डे नावाचे अमेरिकन बाप्टिस्ट १८४० ला नेल्लोरला आले. वर्षानुवर्षं काही हाताला लागेना, अमेरिकेत दर थोड्या वर्षांनी चर्चा व्हायची की हे स्टेशन बंद करून टाकूया, नकाशावर तिथे एकच तारा दिसायचा म्हणून त्याचं नावच "लोन स्टार" पडलं. मग १८६६ ला त्याच मिशनचे क्लाऊ आले ओंगोलला. ते सर्व्हेअरचं काम शिकलेले, म्हणून १८७६ ते ७८ च्या दुष्काळात त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचं कंत्राटच घेतलं, लोकांना काम मिळावं म्हणून. आणि दुष्काळ सरल्यावर ३ जुलै १८७८ ला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला. सहा पाळक होते, दोघं पाण्यात उतरायचे, ते दमले की दुसरे दोघं. हा आकडा आमच्याकडे शेंबड्या पोराला पण पाठ असतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं सासरे वाढवून सांगतायत, नंतर कळलं छापील पण तोच आहे.

पुढे काम तेलंगणात सरकलं, सिकंदराबाद, हनमकोंडा, महबूबनगर, नलगोंडा. तिथूनच लोक मुंबईला आले, बांधकामावर, रेल्वेत, कंपन्यांत. म्हणजे ठाण्याच्या पेटीत नलगोंड्याचं पत्र असणारच हो दादा.

चिकित्सक_चहावाला

कोणाला दुखवायचं नाही पण प्रश्न विचारतो. दुष्काळात काम आणि धान्य द्यायचं आणि मग दोन हजार लोक नदीत उतरवायचे, याला इतिहास म्हणायचं की सौदा?

पॉपकॉर्नवाला

बसलो.

नेरूळची_सून

पॉपकॉर्न ठेवा बाजूला, उत्तर आहे. कालव्याचं काम चालू होतं तेव्हा लोक बाप्तिस्मा मागत होते आणि क्लाऊंनी तो देणंच थांबवलं होतं, वर्षभराहून जास्त, याच शंकेमुळे की माणसं मजुरीसाठी येतायत का. मदतीचं काम संपल्यावर दिला. आणि हे सगळं क्लाऊंनी एकट्याने केलं असं पण नाही. यर्रगुंटला पेरय्या म्हणून मादिगा समाजातले, चामड्याचं काम करणारे, ते क्लाऊंच्या आधीपासून गावोगाव फिरून सांगत होते. लोक साहेबाचं ऐकून आले त्यापेक्षा पेरय्यांचं ऐकून जास्त आले, असं आमचे सासरे म्हणतात आणि मला ते पटतं.

चिकित्सक_चहावाला

थांबवलं होतं हे माहीत नव्हतं. तरी कालव्यावर रोज मजुरी वाटणारा माणूस आणि नंतर नदीकाठचा माणूस एकच, याचा काहीच परिणाम झाला नसेल असं मानणं अवघड जातं. असो, धाग्याचा विषय ठाणे आहे.

कोपरीकर

परिणाम झालाच असणार की. माणूस वाईट वेळेला कोण उभं राहिलं ते बघतोच, आणि गावात विहिरीवर येऊ न देणाऱ्यांनी त्या दुष्काळात काय केलं हा पण प्रश्न त्याच ताटात वाढून घ्या. इथे थांबूया, नाहीतर धागा हायजॅक होईल.

ठाण्याकडे वळतो. पेटीतली खरी गंमत मिनिट्समध्ये आहे. सुरुवातीची मिनिट्स तेलुगूत, मग मध्येच एका पानापासून इंग्रजी, मग मराठी. अक्षर पण बदलतं. बदलायचं कारण रजिस्टरात सापडतं, कारण त्याच सुमारास नगर, जालना, संगमनेरकडची नावं यायला लागतात. ही माणसं बाप्टिस्ट नव्हती, पण शिफ्ट ड्युटी, सुट्टी एकच, जवळ उपासना कुठे तर आमच्याकडे, एवढा साधा हिशेब. काहींचे पणजोबा नारायण शेषाद्री या मिशनऱ्यांनी वसवलेल्या बेथेल गावातले, जालन्याजवळचं ते. म्हणजे घराण्यात ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झालेल्या. आणि त्यांना आमच्या डीकन लोकांनी (मंडळीचा कारभार बघणारे) सांगितलं की तुमचा लहानपणीचा बाप्तिस्मा आम्ही धरत नाही, सभासद व्हायचं तर पुन्हा पाण्यात उतरा.

तुम्हीच विचार करा काय झालं असेल! मिनिट्समध्ये फक्त "सविस्तर चर्चा झाली" एवढंच आहे, ते पण लागोपाठच्या मिटिंगांत, आणि नंतर चार कुटुंबांच्या नावापुढे रेघ. जे राहिले त्यांच्यातल्या एक आजी अजून आहेत. त्या म्हणाल्या, माझा बाप्तिस्मा माझ्या आजोबांनी मांडीवर घेऊन करवला, तो खोटा ठरवायला मी पाण्यात जाणार नाही, सभासद नका करू पण बसायला तर देशील. आणि त्या तेव्हापासून तशाच, सभासद न होता, पहिल्या बाकावर. प्रभुभोजनाचं (उपासनेत भाकर आणि द्राक्षरस वाटतात ते) ताट त्यांच्यापर्यंत आलं की वाढणाऱ्याला काय करावं कळायचं नाही, मग एका पाळकांनी गुपचूप द्यायला सुरुवात केली, पुढे कोणी विषय काढला नाही. आमच्यात एकही पुस्तकी नियम असा नाही ज्याला या आजींनी वळसा घातला नसेल.

हे स्मरणिकेत घालायचं म्हटलं तर कमिटी म्हणते नको, वाईट दिसतं. मला वाटतं हेच घालायला हवं, केरी राहू दे.

नगरी_बोरू

शंभर टक्के घाला. आमच्या बाजूने तीच गोष्ट "ठाण्याला गेलेले बुडवे झाले" अशी सांगितली जायची, आणि हा शब्द प्रेमाने वापरत नसत.

यात १९७० ची भर टाका. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा चर्च मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं. आमचे काँग्रिगेशनल-प्रेसबिटेरियन आधीच एकत्र होते ते, अँग्लिकन, ब्रदरेन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, आणि चक्क उत्तर भारतातले, केरीच्या मिशनवाले बाप्टिस्ट! तिथे तडजोड अशी की बाळाचा बाप्तिस्मा पण मान्य, मोठेपणीचा पण मान्य. म्हणजे केरीचे वारसदार आमच्याबरोबर एका चर्चमध्ये आले आणि ओंगोलवाले तुमचे बाहेर राहिले. दक्षिणेत १९४७ ला सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) झालं त्यात पण तेलुगू बाप्टिस्ट नव्हतेच. आता तुमच्या कमिटीला विचारा केरी नक्की कोणाचा :)

कोपरीकर

हा मुद्दा येत्या मिटिंगला बॉम्बसारखा टाकणार.

वाशीतला_जुना

ठाण्याचं चाललंय पण नवी मुंबईतल्या मंडळ्या म्हणजे याचीच शाखा समजा, म्हणून लिहितो. १९७३ ला खाडीपूल झाला, १९९२ ला लोकल आली, पण दोन्ही मुंबईकडे; ठाण्याची लोकल २००४ ला आली, तोवर वाशीच्या माणसाला रविवारी ठाण्याला उपासनेला जायचं म्हणजे बेलापूर रोडने बस, आणि रविवारची बस म्हणजे देवाची इच्छा. म्हणून घरात प्रार्थना सुरू झाल्या, सेक्टरातल्या सिडकोच्या त्या खोल्यांत वीस माणसं, अर्धी जिन्यात. मग शाळेचा हॉल भाड्याने. एकाच हॉलमध्ये सकाळी तेलुगू, मग मराठी, दुपारी मल्याळी, संध्याकाळी इंग्रजी, आणि इंग्रजीला कॉलेजची नागा-मिझो पोरं. ती बहुतेक बाप्टिस्टच, नागालँडमध्ये तर बाप्टिस्ट हेच मोठं चर्च. काय गातात! चार आवाज वेगवेगळे, वाद्य नसलं तरी चालतं. आमच्या मराठीवाल्यांना पेटी-तबला लागतोच आणि तबलजी नेहमी उशिरा येणार.

बाप्तिस्म्याला हौद नव्हता तेव्हा पनवेलकडे गाढी नदीवर जायचो. पाऊस संपला की लगेच, कारण नंतर पाणी गुडघ्याएवढं. कपडे बदलायला बायकांसाठी चार साड्या धरून आडोसा. आता प्लास्टिकची मोठी टाकी आणतात, काम भागतं.

भूखंडाचं मात्र विचारू नका. सिडको धार्मिक वापराचे भूखंड भाडेपट्ट्याने देते, पण अर्ज करायचा तर ट्रस्ट नोंदलेला हवा, ऑडिट हवं, आणि बिशप नसलेल्या मंडळीचं सगळं कागदोपत्री स्वतःच निस्तरायचं. सीएनआयवाल्यांच्या मागे डायोसिस (बिशपचा प्रांत) उभी असते. आमच्याकडे ट्रस्टी बदलला की चेंज रिपोर्ट घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात कोण जाणार यावरूनच दोन मिटिंगा.

नेरूळची_सून

तबलजीचं आमच्याकडे पण सेम :D

कोपरीकर दादा, एक विनंती. रजिस्टर छापताना जपून. त्यात जन्मगाव, आधीचं नाव, बापाचं नाव, कधी कधी जात पण लिहिलेली असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की ती सवलत जाते, त्यामुळे काही घरांत कागदावरचं नाव एक आणि मंडळीतलं एक. त्यांनी लबाडी केली असं मला वाटत नाही, पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न होता. पण स्मरणिकेत यादी छापून कोणाच्या तरी नातवाच्या सर्टिफिकेटवर संकट आणू नका.

कोपरीकर

हे सांगितलंत ते फार बरं केलंत ताई. मी पहिल्या पन्नास सभासदांची यादी फोटोसकट छापणार होतो. आता यादी नाही, फक्त गावं छापतो. नलगोंडा, ओंगोल, महबूबनगर, काकीनाडा, परतवाडा, जालना, संगमनेर. गावांवरून ज्याला कळायचं त्याला कळेल.

दप्तरदार

जुन्या कागदांचं काम केलंय म्हणून दोन शब्द. रजिस्टर लॅमिनेट करू नका, कितीही मोह झाला तरी, प्लास्टिकमध्ये कागद कायमचा अडकतो. रबरबँड आणि गंजलेल्या टाचण्या काढा, सुती फीत बांधा. लोखंडी पेटी ठाण्याच्या दमट हवेत आतून घाम धरते, तेव्हा कागदाच्या खोक्यात हलवा, खोकं जमिनीपासून वर. पानांचे फोटो खिडकीपाशी दिवसाउजेडी काढा, फ्लॅश बंद. प्रत्येक पानाला नंबर द्या, पण पेन्सिलने. आणि तेलुगू मिनिट्स वाचणारं माणूस आत्ताच पकडा. मोबाईलचं भाषांतर हाताच्या अक्षरापुढे हात टेकतं.

कोपरीकर

तेलुगू वाचणारं कोणी आहे का? आमच्याकडची तरुण मुलं तेलुगू बोलतात पण वाचता येत नाही, सगळी मराठी नाहीतर इंग्रजी मीडियम.

नेरूळची_सून

सासऱ्यांना विचारलं. ते वाचतील म्हणाले, पण मूळ वही हातात पाहिजे, मोबाईलवर नाही वाचणार. आणि भांडणाची पानं गाळायची नाहीत ही त्यांची अट आहे, कारण त्यातल्या एका भांडणात ते स्वतः होते आणि त्यांच्या मते मिनिट्स लिहिणाऱ्याने त्यांची बाजू लिहिलीच नाही.

कोपरीकर

अट मंजूर! रविवारी उपासनेनंतर वही घेऊन येऊ का?

नेरूळची_सून

रविवारी नको, आमच्या अय्यगारूंचा (तेलुगूत पाळकांना म्हणतात) संदेश सुरू झाला की दीड वाजतो आणि मग सासरे झोपतात. शनिवारी संध्याकाळी या. ते सध्या कळव्याला दिरांकडे आहेत, पत्ता मेसेज करते. आणि ते मराठी समजतात, पण भांडणाचं सांगताना तेलुगूच बोलतात, तेव्हा सोबत कोणाला तरी घेऊन या.

अंबानगरी

ते पान वाचून झालं की इथे टाका बरं का. परतवाड्यावाल्यांचं पण काही असेल तर कळवा.

पॉपकॉर्नवाला

मी अजून बसलोय.